सुटलेला फर्मा

१२ जून

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

विहीणबाईंचं कार्ड मिळालं. तू आणि भिंगरी सुखरूप माहेरी पोचलात हे वाचून जीव भांड्यात पडला. तुझ्या अक्षरातली एखादी ओळ कुठे कोपऱ्यात असेल म्हणून कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. नव्हती. असू दे.

इथे सगळं ठीक. बाइंडिंगचं काम चालू आहे. दवाखान्याच्या ग्रंथालयाने पाठवलेले जुन्या मासिकांचे गठ्ठे अजून अर्धे शिवायचे आहेत. भिंगरीचं स्टूल खिडकीपाशी होतं तिथेच आहे. गिऱ्हाईक त्यावर बसायला गेलं की माझ्या तोंडून "तिथे नको" निघून जातं. मग बिचारा स्टूल मोडकं आहे असं समजून उभ्याउभ्याच बोलतो.

निघताना तू जे बोललीस ते मी मनात धरलेलं नाही. "बाबा, तुम्हाला पोर आजारीच हवीय. म्हणजे तुमचं वाचन खरं ठरेल." दीड वर्ष त्या पोरीच्या पोटापायी जिने चपला झिजवल्या, तिने नाही बोलायचं तर कोणी बोलायचं? नवरा बोटीवर, त्याचं पत्र दीड महिन्याने येणार. बोलायला समोर मी एकटाच. जंतांचं औषध तीनदा झालं, दूध बंद केलं, पुन्हा चालू केलं, टॉनिकच्या बाटल्या ठेवायला फळी पुरेना. पाच वर्षांची पोर साडेतीनची दिसायची. हातपाय काड्यांसारखे आणि पोट नगाऱ्यासारखं. शाळेच्या बाईंनी विचारलं होतं, "घरी जेवायला देता ना हिला?" त्यानंतर तीन दिवस तुला जेवण गेलं नव्हतं.

आणि त्यात मी. मासिकात वाचलं, काही मुलांना गहू सोसत नाही, त्यातल्या चिकट भागाने त्यांची आतडी सोलवटतात, खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्त तपासलं तर कळतं. उठता बसता तेच तुणतुणं. तू म्हणालीस, "पुस्तकं शिवून कोणी डॉक्टर होत नाही, बाबा. तसं असतं तर आमच्या कारखान्याचा पहारेकरी केव्हाच मॅनेजर झाला असता." मी हसलो होतो. तरीही शेवटी माझ्यासाठी रजा टाकलीस, तिला घेऊन गेलीस, सुई टोचताना तिचा हात धरून बसलीस. रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबांचं वाचन दांडगं दिसतंय." तेव्हा तुझा चेहरा कसा झाला, ते मी पाहिलं.

म्हातारा अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला असेल. मान्य. फक्त एक मागतो. गेल्या थंडीपासून ती जरा सुधारली होती, तू म्हणायचीस नव्या टॉनिकने. असेल. पण आता पोट पुन्हा फुगू लागलं, शौचाला पातळ, चिकट, उग्र वासाची होऊ लागली, ती उगाच किरकिरायला लागली, तर तेवढं मला कळव. मी काही बोलणार नाही. नुसतं कळव.

तुझे
बाबा


१ जुलै

चि. सूनबाईस आशीर्वाद.

तुझं कार्ड आलं. चारच ओळी, पण तुझ्या हातच्या. "रिपोर्ट स्वच्छ आहे. डॉक्टरीणबाईंनी सगळं खायला घाला म्हणून सांगितलंय. इथे ती सगळं खाते. कृपा करून पुन्हा गव्हाचं नाव काढू नका, आणि इकडे येऊ नका."

येण्याची काळजी करू नकोस. माझ्या घोट्याला प्लास्टर आहे, सहा आठवडे. दोन दिवसांचा प्रवास मला कोणी करू देणार नाही. पण गव्हाचं नाव मात्र काढावं लागतंय.

तू इथे नवीन आलीस तेव्हा सुट्टीच्या दिवशी माझ्याजवळ बसून शिवण शिकली होतीस, आठवतं? सोळा पानांची एक घडी म्हणजे एक फर्मा. सगळे फर्मे ओळीने लावून पानांचे आकडे तपासायचे, ती जुळणी. जुळणी झाल्याशिवाय सुई हातात घ्यायची नाही, हा माझा पहिला धडा. चाळीस वर्षं दुसऱ्यांना तोच ऐकवत आलो.

ते गव्हाचं मी ज्या मासिकात वाचलं, ते परिचारिकांसाठीचं मासिक याच गठ्ठ्यांतलं. सुटे फर्मे टेबलावर पडले होते, हातात आला तो वाचला. लेखाचं पान पूर्णविरामावर संपलं, आणि मीही तिथेच संपलो. मला वाटलं, लेख झाला. पुढचा फर्मा फाटका होता, म्हणून तो चिकटवून वरच्या फळीवर वजनाखाली ठेवलेला होता. परवा ग्रंथालयाचा माणूस तगादा लावायला आला, म्हणून तो काढला. लेखाची उरलेली अडीच पानं त्यात होती. ती मी स्टुलावर उभ्याउभ्याच वाचली आणि उतरताना पाय चुकला. प्लास्टरची हकीकत ती एवढीच.

त्या पानांत लिहिलंय की काही वेळा रोग असूनही रिपोर्ट स्वच्छ येतो. का येतो त्याची कारणं दिली आहेत, पण ती लांबलचक आहेत, तुला कंटाळा येईल. सांगायचं ते एवढंच, की तिचं रक्त पुन्हा एकदा तपासून घे. आणि तोवर तिचं खाणं जसं चालू आहे तसंच चालू ठेव. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असं होऊ नये म्हणून म्हणतो.

कोपऱ्यावरच्या दुकानातून तुझ्या शेजारच्यांकडे दोनदा फोन लावला. ते म्हणाले, बोलावतो. मी रिसीव्हर धरून होतो. दोन्ही वेळा ते परत येऊन म्हणाले, "त्या कामात आहेत."

बाबा


१९ जुलै

चि. सूनबाईस आशीर्वाद.

तू विचारलंस, "कोणती कारणं? तुम्ही तिचं काही बंद केलं होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिहा."

हो.

आठ-दहा दिवस. तेही सलग नाही, अधूनमधून. तू डब्यात द्यायचीस तो पाव एखाद्या दिवशी तिने नको म्हटलं, तर मी भात घालायचो. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, फक्त सांगायचं राहून गेलं. तेवढ्यानेही रिपोर्ट बिघडू शकत असेल, कोण जाणे. म्हणून पुन्हा तपासून घ्यावं हे बरं.

पाय बरा आहे. तिला सांग, प्लास्टरवर चित्र काढायला जागा ठेवली आहे.

बाबा


८ ऑगस्ट

सूनबाई,

हे पत्र मध्येच टाकून देऊ नकोस. टाकायचंच असेल तर शेवटचं पान वाच आणि मग टाक.

काल विहीणबाईंचं पत्र आलं. त्या लिहितात, "व्याहीबुवा, पोरीचं पोट पुन्हा वर आलंय. दिवसातून पाच-सहा वेळा जाते. तोंड आलंय, केस हातात येतात. पाव पुढे केला की मान फिरवते. का नको म्हणून विचारलं तर म्हणते, गुपित आहे. परवा तिच्या आईने वैतागून पाठीत धपाटा घातला, तरी तोंड उघडेना. शेवटी रडतरडत पाव खाल्ला. माझ्या लेकीने तुमच्या पत्रावरून इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आठ-दहा दिवस नसेल खाल्ला तर काही फरक पडत नाही, रिपोर्ट खरा धरा. आता ती तुमचं काही ऐकून घ्यायला तयार नाही. पण मला सांगा, कसलं हो हे गुपित?"

ते डॉक्टर चुकले नाहीत. त्यांना जे सांगितलं गेलं, त्यावर त्यांनी बरोबर उत्तर दिलं. आठ-दहा दिवस, हे माझे शब्द. तुझ्या एका सरळ प्रश्नाला मी सात अक्षरांची खोटी पट्टी बांधली, आणि त्या पट्टीखाली पोर पुन्हा सुकत चालली आहे.

पाच महिने होते ते, सूनबाई. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून तपासणीच्या दिवसापर्यंत. एक दिवसही खंड न पाडता. तपासणीनंतर तू रजेवर घरीच होतीस आणि तिला स्वतः भरवू लागलीस.

तू सकाळी साडेसहाला कारखान्यात जायचीस. तिच्यासाठी भरलेल्या डब्यात दोन पावाचे तुकडे लोणी लावून, चार बिस्किटं. ते सगळं मी खायचो. तू म्हणायचीस, "बाबा, हल्ली तुमची तब्येत सुधारली हं." सुधारणारच, दोघांचा डबा एकटा खात होतो. तिला भात, अंडं, बटाटा, केळं. तू सातला यायचीस तोवर तिचं जेवण उरकलेलं. रविवारी स्वयंपाकाला मीच उभा राहायचो. तू सगळ्यांना सांगत फिरायचीस, असे सासरे शोधून सापडायचे नाहीत. मी मान खाली घालून कांदा चिरत असायचो, म्हणून डोळ्यांतलं पाणी खपून गेलं. पुठ्ठे चिकटवायची खळसुद्धा मैद्याची सोडून तांदळाची करायला लागलो, कारण ती बोट चाटते. तांदळाची खळ नीट धरत नाही. त्या पाच महिन्यांत बांधलेली चार पुस्तकं कण्यातून सुटून परत आली. गिऱ्हाइकांना म्हटलं, हवा दमट आहे.

का केलं? तू नको म्हणाली होतीस म्हणून. तुला विचारलं तर तू बंद पाडशील, आणि पोर तर डोळ्यांदेखत विझत होती. वाटलं, पंधरा दिवस करून बघू, फरक नाही पडला तर कोणाला कळायचंही नाही. पण फरक पडला. तिसऱ्या आठवड्यात पोट उतरलं. महिन्याभराने ती बाइंडिंगच्या टेबलाभोवती गरागरा फिरली, पूर्वी फिरायची तशी, ज्यावरून तिचं नाव पडलं. तेव्हा तुला सांगायला हवं होतं. पण आधी चोरी केली हे कसं सांगू? आज सांगू, उद्या सांगू, आणि उशिराने सांगायची गोष्ट रोज थोडी जड होत जाते. शिवाय एक हाव होती, तीही सांगून टाकतो. मला वाटत होतं, रक्ताचा रिपोर्ट एकदा हातात पडला की तूच म्हणशील, बाबा, तुम्ही खरे होतात. त्या शाबासकीसाठी मी तुझ्यामागे तपासणीचा धोशा लावला. आधी गहू काढून टाकला आणि मग त्याच्या खुणा रक्तात शोधायला तुला पाठवलं. सुटलेल्या फर्म्यात पांढऱ्यावर काळं छापलेलं होतं: तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नये, बंद केल्यावर काही महिन्यांत रक्तातल्या खुणा पुसल्या जातात आणि रोग असूनही रिपोर्ट निर्दोष येतो. तीच ती लांबलचक कारणं. तीन ओळी आहेत.

डॉक्टरीणबाईंनी तुला विचारलं होतं, "खाणं नेहमीचंच ना? पाव, बिस्किटं सगळं चालू?" तू म्हणालीस, "हो तर, मी स्वतः डबा भरते." तू खरं बोललीस. मी शेजारच्या खुर्चीत होतो. तोंड उघडायला तेवढा एक क्षण पुरला असता.

पण यापेक्षाही वाईट एक आहे. एवढ्या लहान पोरीला पाच महिने आईसमोर गप्प बसवायचं, तर कसं? मी तिला सांगितलं, हे तुझं-माझं गुपित. आईला सांगितलं तर आई आजोबांना घराबाहेर काढेल. हसतहसत सांगितलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं नाही. आज ती तुझा मार खाते, पाव खाते, पोट धरून बसते, आणि तरी बोलत नाही, ते तू मला घराबाहेर काढू नयेस म्हणून. मी तिच्या तोंडचा गहू काढला आणि तिथे कुलूप घातलं. सूनबाई, तिला पुन्हा हात लावू नकोस. मारायचं तर मला मार, मी उभा राहीन.

आज सकाळी मी कुबड्या घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दारात मला बघून त्या म्हणाल्या, "आजोबा, हाडांचे डॉक्टर पलीकडे बसतात."

मी म्हटलं, "हाडाचं नाही हो. जीभ अडकली होती, ती सोडवायला आलोय."

मग सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"मी विचारलं तेव्हा तुम्ही खोलीत होतात."

"होतो."

"कुठे बघत होतात?"

"वजनकाट्याकडे."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "तुमचा संशय कदाचित खरा असेल. किंवा नसेलही, पोटाला दुसरी दहा कारणं असतात. पण तुम्ही आम्हाला ते बघूच दिलं नाहीत."

मी विचारलं, आता काय. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, ती सोबत जोडली आहे. त्या म्हणाल्या, "मूल आता जवळजवळ तीन महिने गहू खातंय ना? मग तपासणीला हीच वेळ आहे. गहू बंद करू नका. दया आली तरी नको. आधी रक्त, मग डॉक्टर सांगतील ते पुढचं. मात्र ती गळून गेली, पाणी पोटात ठरेना, लघवी कमी झाली, तर तपासणीची वाट बघत बसू नका, तडक दवाखान्यात न्या. आणि बंद केलं होतं हे तिथल्या डॉक्टरांना दिवस-तारखेसकट सांगा."

दिवस-तारीख: चार डिसेंबर ते चौदा मे.

ज्याने चोरून तिचा पाव काढून घेतला, तोच आज तुझ्या पाया पडून सांगतोय की सुई टोचेपर्यंत तिला पाव दे. अक्षर वाचता येईल असं मुद्दाम काढलंय. मी खोटा ठरलो, गव्हाचा काही संबंध नाही असं निघालं, तर जन्मात झाला नसेल इतका आनंद मला होईल. पण ते रक्ताने ठरू दे, माझ्या सात अक्षरांनी नको.

मला माफ कर असं लिहिणार होतो. खोडलं. त्याचं नंतर बघू. आधी तिला घेऊन जा.

बाबा


२१ ऑगस्ट, उघडं कार्ड

माझं आठ तारखेचं जाड पाकीट न फोडता परत आलं. वर शेरा होता, घेण्यास नकार. पाकीट बंद होतं म्हणून तुला परत करता आलं. हे कार्ड उघडं आहे. टपालवाला वाचेल, जिन्यातले शेजारी वाचतील, वाचू देत. ज्याच्या हाती पडेल त्याने कृपा करून दारात उभं राहून मोठ्याने वाचावं.

या घरातल्या पाच वर्षांच्या मुलीला तिच्या आजोबांनी, म्हणजे मी, तिच्या आईला न सांगता चार डिसेंबर ते चौदा मे गहू दिला नव्हता. त्यानंतर लगेच रक्त तपासलं, म्हणून रिपोर्ट स्वच्छ आला. तो रिपोर्ट भरवशाचा नाही. आठ-दहा दिवस लिहिलं ते खोटं होतं. आईची यात काहीही चूक नाही, तिने डॉक्टरांना खरंच सांगितलं होतं. मुलीचा गहू आता बंद करू नये, आणि याच आठवड्यात पुन्हा रक्त तपासावं. फार गळून गेली असेल तर आजच दवाखान्यात न्यावं, आणि हे कार्ड डॉक्टरांना दाखवावं.

खाली उरलेल्या जागेतलं तिला वाचून दाखवा.

भिंगरीबाळ, आपलं गुपित संपलं. आजोबांनी स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं. मला कोणी घराबाहेर काढत नाही. आता आई विचारेल ते सगळं खरं सांग, आणि पाव खाल्ल्यावर कुठे दुखतं ते तिला बोट ठेवून दाखव.